बोट ट्रेलरचे रोलर कसे बसवावेत? (रॅम्पवर शोभा करून घेतली आहे)

बांगडेवाला | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आजवर मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर दिसलो असेन. आज पहिल्यांदाच मदत मागायला आलोय.

मुक्काम मेलबर्न. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, एक जुनी बोट घेतली. साडेचार मीटरची, ॲल्युमिनियमची. इथे हिला टिनी म्हणतात. मागे ४० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन. ट्रेलर बोटीसोबतच पदरात पडला. त्यावर मधोमध तीन काळे रबरी रोलर आहेत, त्यांवर बोटीचा कील, म्हणजे तळाचा कणा, टेकतो. दोन्ही अंगांना कार्पेट ठोकलेल्या लांब फळ्या, म्हणजे स्किड.

पाण्यात सोडणं कसंबसं जमतं. परत चढवणं म्हणजे तमाशा. पोर्ट फिलिप बेमध्ये स्नॅपर माशाचे दिवस सुरू झालेत, त्यामुळे काल संध्याकाळी रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायचा काँक्रीटचा उतार) गाड्यांची ही रांग. मी विंच (ट्रेलरच्या पुढच्या खांबावरचं, पट्टा गुंडाळायचं हाताचं चाक) फिरवतोय, पट्टा तारेसारखा ताणलेला, आणि बोट अर्ध्यावर रुसून बसलेली. जरा पुढे आली ती तिरकी. परत ढकलली, परत ओढली, असं तीन वेळा. बायको मांडीपर्यंत पाण्यात उभी. मागच्या गाडीतले एक आजोबा उतरले, चकार शब्द न काढता बोटीला खांदा लावला आणि निघून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुकानात विचारलं तर म्हणे, स्किड काढून टाका, सोळा रोलरचा सेट बसवा, लोण्यासारखी सरकेल. किंमत ऐकून घरी आलो. खरंच रोलरने प्रश्न सुटतो का? किती लावायचे, कुठले, कुठे?

निव्वळ_वाचक | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०२

रोलर म्हटल्यावर मला वाटलं भिंत रंगवायचा धागा आहे. आता आलोच आहे तर बसतो. फोटो टाका.

टेक्सासचा_टग्या | ६ ऑक्टोबर, पहाटे ४:१५

बांगडेवाला, पैसे वाचवा. इथे निम्मं टेक्सास स्किडवरच (आम्ही बंक म्हणतो) बोट चढवतं. ट्रेलर आणखी खोल पाण्यात घाला, बोट तरंगत फळ्यांवर येऊ द्या, इंजिनचा जरासा रेटा द्या, ती नाकाने जाऊन विंचच्या खांबाला टेकते. खाली उतरा, हुक लावा, गाडी बाहेर काढा. विंचला हात लावायची वेळच येत नाही. रोलर म्हणजे चार गोष्टी जास्त गंजणार, चार जास्त मोडणार.

वेस्टर्नपोर्ट_काका | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

टग्याभाऊ, तुमचं तळं गोडं आणि तुमचा रॅम्प लांबलचक. आमच्याकडे मेलबर्नजवळच्या वेस्टर्नपोर्ट उपसागरात भरती-ओहोटीत तीन मीटरपर्यंत फरक पडतो. ओहोटीला रॅम्पचं टोक उघडं पडतं, त्यावर शेवाळ. ट्रेलर "आणखी खोल" घालायला खाली काँक्रीट तर हवं! शिवाय दर वेळी हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) खाऱ्या पाण्यात बुडवायचा म्हणजे बेअरिंगचं श्राद्ध घालणं. रस्त्यावर तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

बांगडेवाला, दुकानात परत जाऊ नका. आधी मला एवढं सांगा. ते तीन जुने रोलर हाताने फिरतात का? बोट ट्रेलरवर असताना ट्रान्सम (बोटीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन असतं) शेवटच्या रोलरच्या किती मागे लोंबतो? टो-बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) वजन किती येतं? आणि रॅम्पवर तुम्ही चाकं कुठपर्यंत बुडवता?

मी तीस वर्षं फिटर होतो. मोजल्याशिवाय पाना उचलायचा नाही, एवढीच अक्कल तिथून घेऊन आलो.

बांगडेवाली | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

तीन वेळा नाही, पाच वेळा. आणि मांडीपर्यंत नाही, कमरेपर्यंत. बाकी चालू द्या.

निव्वळ_वाचक | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:११

वहिनी +१. हा धागा आता बुकमार्क.

मीनाक्षी_ऑकलंड | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये बरेचदा रॅम्पच नसतो. किनाऱ्यावर ट्रॅक्टरने ट्रेलर लाटेत न्यायचा, त्यामुळे रोलरला पर्याय नाही. म्हणून थोडा हिशेब मांडते.

तुमची बोट इंजिन, बॅटरी, पेट्रोल धरून ४८० किलो समजू. रॅम्पचा चढ साधारण १:८. नुसतं वर ओढायलाच ४८० चा आठवा भाग, म्हणजे ६० किलोचा ताण. तो कुणाला चुकत नाही. त्यावर घर्षण. ओल्या कार्पेटला गुणांक ०.३ धरला तर आणखी १४४ किलो, म्हणजे एकूण दोनशेच्या वर. मोकळे फिरणारे रोलर असतील आणि ०.०५ धरला तर फक्त २४, म्हणजे एकूण ८४. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण फरक कुठल्या घरात आहे ते कळतं.

'मोकळे फिरणारे' हे दोन शब्द परत वाचा. काकांनी पहिला प्रश्न उगाच विचारलेला नाही.

बांगडेवाला | ७ ऑक्टोबर, रात्री ८:५०

काका, तुम्ही इकडे येऊन बघून गेलात की काय?

संध्याकाळी बोट मित्राच्या मदतीने लॉनवर जुन्या टायरांवर उतरवली आणि रोलर फिरवून पाहिले. एकही फिरत नाही. मधला तर हलतच नाही. पिन गंजून फुगलेली, रबर तिला चिकटून बसलेलं. माथ्यावर कीलने घासून घासून सपाट खाच पाडली आहे, बोट बसेल एवढी. म्हणजे मी इतके दिवस बोट 'रोलर'वरून नाही, तीन रबरी ठोकळ्यांवरून फरफटवत होतो!

पिन हातोड्याने निघेना. शेवटी ग्राइंडरने कापली. आतून निघाला तो लाल भुसा.

बाकीची मापं: ट्रान्सम शेवटच्या रोलरच्या १५० मि.मी. मागे लोंबतो. टो-बॉलवर वजन ४२ किलो (बाथरूमचा काटा, वर ओंडका ठेवून). वजनकाट्यावर बोट-ट्रेलर मिळून ६९० किलो भरलं. चाकं मी अर्धी बुडवतो, कधी पूर्ण. मध्ये आठवडाभर 'जमतंय' असं वाटून खोल घालायचो, मग बोट तरंगत वाऱ्याने बाजूला जायची.

मीनाक्षी_ऑकलंड | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

चिकटलेल्या रबराला ०.७ धरा. मग ३३६ अधिक ६०, म्हणजे चारशे किलोच्या आसपास. तुमच्या खांद्याची माफी मागा.

वेस्टर्नपोर्ट_काका | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

आता बोलू. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

सोळा रोलरचा सेट तुमच्या बोटीला नको. ते जोडीजोडीने डुलणारे वॉबल रोलर असतात. मोठ्या, जड फायबरच्या बोटींना उत्तम. त्यात सगळं वजन दोन्ही बाजूंच्या रोलरवर विभागलेलं असतं. तुमच्या टिनीचा पत्रा पातळ आणि खाली भक्कम कील आहे. अशा बोटीचं वजन कीलने घ्यायचं, बाजूच्यांनी फक्त तोल सांभाळायचा. पत्र्यावर दोन बोटं रुंद रोलर टेकवून खड्ड्यातून गाडी नेलीत तर पत्र्याला गुपचूप खळ्या पडतात. बाजूला वॉबल लावाच, पण दोन्हीकडे एक-एक जोडी, आणि ती आतल्या रिबच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्टीच्या) रेषेत, उघड्या पत्र्याखाली नाही.

कील रोलर तीनाचे पाच करा. तीन असले की दोघांत मीटरभराहून जास्त अंतर पडतं. बोट चढताना नाक एका रोलरवरून सुटतं आणि पुढच्याच्या माथ्यावर यायच्या ऐवजी त्याच्या पोटाला धडकतं. 'अर्ध्यावर रुसते' ती इथे. मागचे दोन तर जवळजवळ ठेवा, कारण नाकाला पहिला आधार तिथे मिळतो. सगळ्यात मागचा डमरूच्या आकाराचा घ्या, बोट थोडी तिरकी आली तरी कील आपोआप मध्यावर घसरतो.

रंगावर जाऊ नका, मालावर जा. काळं रबर पकडतं आणि बोटीवर डाग सोडतं. पिवळसर किंवा निळे पॉलियुरेथेनचे मिळतात, ते कठीण पण थोडे लवचिक, डाग नाही. नायलॉन फारच कडक, तुमच्या पत्र्याला नको. पिन ३१६ स्टेनलेसची, ते खाऱ्या पाण्यात टिकतं. रोलरचं भोक पिनेपेक्षा केसभर सैल हवं, दोन्ही बाजूंना वॉशर, टोकाला स्टेनलेसचीच स्प्लिट पिन. साधं पेट्रोलियमचं ग्रीस रबराला फुगवतं, म्हणून लॅनोलिनचं किंवा सिलिकॉनचं वापरा.

आता मांडणी, खरं काम हेच आहे. बोट खाली असतानाच करा. ट्रेलर सपाट जागी, चाकांना उटी, जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या पुढचं छोटं चाक) पुढचा भाग वरखाली करून चौकट पाणसळीत आणा. कपलिंगच्या (टो-बॉलवर बसणाऱ्या टोकाच्या) मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत फीत लावून पाहा. दोन मापं सारखी नसतील तर ॲक्सलच तिरका आहे, रोलर नंतर. मग विंचच्या खांबाच्या मध्यावर, पण कील रोलरच्याच उंचीला, दोरी बांधून मागच्या रोलरच्या खोबणीपर्यंत ताणा, गवंडी ताणतो तशी. ही दोरी म्हणजे तुमचा कील. प्रत्येक रोलरचा माथा तिला नुसता स्पर्श करायला हवा. जो खाली असेल त्याचं ब्रॅकेट वर घ्या. पुढचा रोलर मात्र दोरीवर विसंबून पक्का करू नका. टिनीचा कील पुढच्या तिसऱ्या भागात वर वळतो, त्यामुळे तो बोट चढवल्यावरच टेकवायचा.

ट्रान्सम शेवटच्या रोलरच्या बरोबर माथ्यावर आला पाहिजे. तिथे शंभर किलोचं इंजिन लटकतंय. त्याखाली आधार नसेल तर प्रत्येक धक्क्याला तळाचा पत्रा थोडा वाकतो आणि वर्षभरात कायमचा बाक येतो. मग पाण्यात बोट नाक खाली घालून पळते आणि माणूस इंजिनला दोष देतो.

यू-बोल्ट आधी बोटाने आवळा. बोट चढवा, सगळं पाहा, मग पान्याने. पन्नास किलोमीटर चालवून परत एकदा पान्याने.

निव्वळ_वाचक | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

माझ्याकडे बोट नाही, ट्रेलर नाही, समुद्र चारशे किलोमीटर. तरी दोरी ताणून बघावीशी वाटतेय.

हर्णै_बंदर | ८ ऑक्टोबर, दुपारी २:४०

अवांतर आहे, पण राहवत नाही. पावसाळ्याच्या बंदीत, १ जूनला, आमच्याकडे होड्या वर ओढतात तेव्हा खाली लाकडं टाकतात. कण्याखालचं लाकूड नेमकं आडवं पडायला हवं. तिरकं पडलं की होडी त्याच्यावरून बाजूला चालते. मागचं लाकूड सुटलं की पोरं उचलून पुढे आणून टाकतात. बाजूची माणसं होडीला नुसती धरून असतात, भार घेत नाहीत. भार घ्यायला गेला तो कंबर धरून बसला. काकांचं वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं. फक्त तुमची लाकडं जागेवर राहतात.

टेक्सासचा_टग्या | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

काका, पोस्ट वाचनीय. पण माझा मुद्दा राहतोच. इंजिनने चढवली तर ना विंच, ना रोलरची भानगड.

मीनाक्षी_ऑकलंड | ८ ऑक्टोबर, रात्री ८:१०

टग्या, इंजिनच्या रेट्याने रॅम्पच्या टोकाखालची वाळू उपसून जाते आणि तिथे खड्डा पडतो. पुढच्या माणसाचं चाक त्यात. तुमच्याच देशात कितीतरी रॅम्पवर 'पॉवर लोडिंग करू नये' अशी पाटी असते, ती काही शोभेला नाही.

टेक्सासचा_टग्या | ९ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

पाटी आमच्या तळ्यावरही आहे. कबूल. गोड्या पाण्यात, खोल रॅम्पवर, फायबरच्या बोटीला बंक बरे, एवढ्यावर मी ठाम. बांगडेवाल्यांच्या टिनीबद्दल शब्द मागे.

बांगडेवाला | २० ऑक्टोबर, रात्री ९:२०

दोन शनिवार-रविवार गेले. वृत्तांत.

दोरी ताणली आणि हसायलाच आलं. मधला रोलर १८ मि.मी. खाली. विंचचा खांब मध्यापासून डावीकडे १२ मि.मी. सरकलेला. बोट नेहमी डावीकडे का जाते म्हणून मी वाऱ्याला शिव्या घालत होतो! ॲक्सल मात्र सरळ निघाला, दोन्ही मापांत ३ मि.मी.चा फरक. चालेल ना?

पाच पॉलियुरेथेन रोलर घेतले, मागचा डमरू. जुनी ब्रॅकेट गॅल्व्हनाइझ्ड आणि सुस्थितीत होती, तीच परत वापरली. दोन नवी घेतली. बाजूला एक-एक वॉबल जोडी. स्किड काढले. तीन दिवस गॅरेजमध्ये येताजाता रोलरला बोट लावून फिरवत होतो. गर्रकन फिरतो आणि फिरतच राहतो. लहानपणी सायकल उलटी करून चाक फिरवायचो, तसं.

एक शंका: बोट चढवल्यावर बाजूचे रोलर किती घट्ट टेकवायचे?

वेस्टर्नपोर्ट_काका | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:००

३ मि.मी. चालेल. बाजूचे वर घ्या, पत्र्याला टेकले की थांबा, मग अगदी थोडं आणखी. परीक्षा सोपी आहे. बोट वर असताना बाजूचा रोलर हाताने जोर लावून फिरवता आला पाहिजे, कीलखालचा फिरता कामा नये. बाजूचा हलतच नसेल तर तो वजन घेतोय, खाली करा. गरगर फिरत असेल तर बोट डुलेल.

विंचचा खांब मध्यावर घेताना उंचीही पाहा. नाकावरची कडी, ज्यात हुक अडकतो, ती खांबावरच्या रोलरच्या जराशी खाली यायला हवी. म्हणजे पट्टा आवळला की नाक रोलरखाली दाबून बसतं. कडी वर राहिली तर करकचून ब्रेक मारल्यावर बोट रोलरवर चढून गाडीच्या डिकीची चौकशी करायला येते.

बांगडेवाला | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

काय सांगू.

सकाळी सहाला रॅम्पवर. सवयीप्रमाणे वर, रांगेच्या बाजूला, बोटीची तयारी केली: तळाचं बूच घट्ट, दोऱ्या बांधल्या, मागचे पट्टे सोडले, विंचचा हुक आणि नाकाला अडकवलेली साखळी काढली. स्किडवर असताना हे सगळं वरच उरकायचो. बोट ढकलूनही हलायची नाही, तर साखळी कशाला हवी! मग रिव्हर्स घेत खाली निघालो. पाण्याला दोन मीटर राहिले असताना मागून आवाज आला. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. पत्र्याचं पिंप जिन्यावरून सोडलं तर कसा येईल तसा.

आरशात बघतो तर ट्रेलर रिकामा. बोट काँक्रीटवर, मागचा भाग टेकलेला, नाक अजून शेवटच्या रोलरवर. रोलर मजेत फिरत होता.

इंजिन वर उचलून ठेवलं होतं म्हणून वाचलं. कीलला हातभर लांब ओरखडा, आणि बुचाची पितळी बैठक चेपून वाकडी. कुणी मागे उभं नव्हतं. बायको त्या वेळी गाडीत बसून कॉफी पीत होती. एरवी ती दोरी धरून बोटीच्या मागेच असते. हे आठवलं की हातपाय अजून गार पडतात.

वेस्टर्नपोर्ट_काका | २७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

चूक माझी. हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं.

रोलरवरची बोट म्हणजे उतारावरची गाडी, विंच हा तिचा हँडब्रेक. हुक आणि साखळी दोन्ही, ट्रेलरचा मागचा रोलर पाण्याला लागेपर्यंत काढायची नाहीत. मागचे पट्टे वर सोडले तर हरकत नाही. खाली पोचल्यावर गाडीचा हँडब्रेक, मग साखळी, आणि हुक शेवटी. हुक काढण्याआधी विंचचा खटका बसलाय का ते बघा. आणि बोट ट्रेलरवर असताना मागे कुणी म्हणजे कुणीही उभं राहायचं नाही. रोलर जितके चांगले तितकी ही गोष्ट पक्की.

बुचाची बैठक स्वतः ठोकून सरळ करू नका. बदलून घ्या, आणि पाण्यात जाण्याआधी घरी बोटीत पाइपने पाणी भरून गळती पाहा.

मीनाक्षी_ऑकलंड | २७ ऑक्टोबर, रात्री ८:००

पहिल्या वर्षी आमच्याही बाबतीत हेच झालं, फक्त खाली वाळू होती. घरोघरी मातीच्या चुली. वहिनी ठीक आहेत ना?

बांगडेवाली | २७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

ठीक आहे, ताई. आता साखळी माझ्या ताब्यात. मी 'काढ' म्हणेपर्यंत निघत नाही.

बांगडेवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:००

बैठक बदलली, गळती नाही. पण आता नवीन रडगाणं. ट्रान्सम शेवटच्या रोलरवर आणायला विंचचा खांब १५० मि.मी. पुढे सरकवला. टो-बॉलचं वजन परत मोजलं तर ६२ किलो. वाढलं कसं? चांगलं की वाईट?

मीनाक्षी_ऑकलंड | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

सोपं आहे. ४८० किलो ०.१५ मीटर पुढे सरकले. बॉलपासून ॲक्सल साडेतीन मीटर असेल तर ४८० गुणिले ०.१५ भागिले ३.५, साधारण २० किलो. ४२ चे ६२ झाले, हिशेब जुळला. ६९० च्या मानाने ९ टक्के. उत्तम. आधी ६ टक्के होतं. हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायचा का?

बांगडेवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४१

हो! नव्वदच्या पुढे गेलं की. मला वाटायचं टायरमध्ये हवा कमी आहे.

वेस्टर्नपोर्ट_काका | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गाडीच्या पुस्तकात टो-बॉलची कमाल मर्यादा दिलेली असते, ती एकदा पाहून घ्या. आणि रोलर-ब्रॅकेटने ट्रेलरचं वजन वाढलं असेल, तर वजनकाट्यावर परत जा. चाकांवर ७५० किलोपेक्षा जास्त भार येत असेल तर इथे ब्रेक सक्तीचे. तुम्ही अजून अलीकडे आहात, पण एस्कीत (बर्फाच्या पेटीत) बर्फ आणि डब्यात पेट्रोल भरत गेलात की पलीकडे जायला वेळ लागत नाही.

हो, आणि ट्रान्समला दोन रॅचेट पट्टे हवेतच. स्किडवर बोट घर्षणाने बसून राहते, रोलरवर ती उड्या मारते.

बांगडेवाला | २४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

आज वेस्टर्नपोर्टवरच्या हेस्टिंग्जला गेलो होतो. किंग जॉर्ज व्हाइटिंग चार, आणि एक फ्लॅटहेड जो मी मोजत नाही. परत आलो तेव्हा पूर्ण ओहोटी, आडवा वारा. मागचा रोलर अर्धा बुडेल एवढाच ट्रेलर पाण्यात, हब कोरडे. नाक डमरूवर टेकवलं, ते थोडं उजवीकडे होतं, कील आपोआप मध्यावर घसरला. विंच बायकोने फिरवली, एका हाताने. दुसऱ्या हातात तिचा फोन होता, व्हिडिओ काढत होती, कारण तिला खात्री होती की काहीतरी होणारच. हुक-साखळी धरून चार मिनिटं.

एक गोष्ट उरलीय. बोट शेवटचा हातभर चढताना दुसरा रोलर 'कुंई' करतो. ग्रीस दिलं, तरी.

वेस्टर्नपोर्ट_काका | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

वॉशर तपासा. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही, असं झालं असणार. रोलर ब्रॅकेटला घासतोय.

बांगडेवाला | २५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला शून्य. काका, तुम्ही नक्की आमच्या गॅरेजमध्ये येऊन जाता.

हर्णै_बंदर | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

व्हाइटिंगचं कालवण की तळून? पाककृतींच्या धाग्यावर कधी टाकताय?

निव्वळ_वाचक | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

जुने स्किड फेकले नसतील तर मला हवेत. चपलांचा स्टँड करायचाय. कार्पेट आहेच वर.